गाजरवाला ससा आणि ट्रेमधल्या लेंड्या

मागच्या अंकात सशांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तेव्हा वाटलं होतं येतील चार-पाच, पण आला चक्क ढीग. निम्म्या पत्रांत गाजर आहे आणि उरलेल्या निम्म्यांत 'ससा गवताला तोंडच लावत नाही' ही तक्रार आहे, आणि ही दोन्ही पत्रं बहुतेक एकाच घरातून येत असावीत असा मला दाट संशय आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं घरात ससे आहेत आणि चुका करकरून शिकलेय, एवढीच माझी डिग्री. त्यामुळे ससा आजारी असेल तर हे वाचत बसू नका, सरळ व्हेटकडे न्या आणि न्यायच्या आधी फोन करून विचारा की तुम्ही ससे बघता का, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघतात असं नाही.

प्रश्न : ताई, आमचा ससा वर्षाचा आहे. लेकीच्या हट्टापायी आणला आणि तीच त्याला रोज दोन गाजरं भरवते. गाजर आणि दाणे एवढंच खातो, वाळलेलं गवत ठेवलं तर त्यावर झोपतो. चालेल ना असंच? ससा तर गाजरच खातो ना?

नाही हो, नाही चालणार. गाजर खाणारा ससा हा कार्टूनमधला. जमिनीवर राहणारा खराखुरा ससा गवत खातो, पाला खातो, अधूनमधून झाडाची साल कुरतडतो. गाजराचं मूळ म्हणजे त्याच्यासाठी मिठाई, गोड लागतं म्हणून खातो, आणि तुमची लेक दोन अख्खी गाजरं देते म्हणजे त्याचं जेवण मिठाईवरच चाललंय. गंमत म्हणजे गाजराचा जो पाला आपण तोडून फेकतो तो त्याच्या जास्त कामाचा.

आता गवत एवढं का, ते नीट सांगते, कारण हे एकदा कळलं की पुढचे अर्धे प्रश्न तुम्ही मला विचारणारच नाही. सशाला 28 दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे दिसणारेही आणि मागच्या दाढाही. समोरचे दात तर आठवड्याला 2-3 मिलिमीटर वाढतात. ते झिजायचे कसे? गवत चावून. ससा गवत खाताना एकदा त्याच्या तोंडाकडे बघा, जबडा खाली-वर कमी आणि आडवाच जास्त फिरतो, जात्यासारखा, मिनिटाला शंभराच्या वर घासे होतात. गाजर नि दाणे खाताना तो नुसता कुडुमकुडुम फोडतो आणि गिळतो, दाढा घासल्याच जात नाहीत. मग त्यांना टोकं येतात, ती गालात नाहीतर जिभेत रुततात, ससा खायचं कमी करतो, तोंडातून लाळ गळायला लागते आणि आपण म्हणतो हल्ली नखरे फार करतो.

दुसरं म्हणजे पोट. सशाचं आतडं सतत चालू लागतं आणि त्याला ढकलणारी गोष्ट म्हणजे गवतातला चोथा. चोथा गेला नाही तर आतडं मंदावतं, आतले जिवाणू बिघडतात, गॅस धरतो. आणि सशाला उलटी करता येत नाही हे लक्षात ठेवा, आत गेलेलं पुढेच जाणार नाहीतर अडकणार.

म्हणून हिशोब सोपा आहे. रोजच्या खाण्यातलं 80-85 टक्के गवत, ताजं किंवा वाळलेलं. मूठभर ठेवून भागत नाही, सशाच्या अंगाएवढा भारा रोज लागतो आणि तो चोवीस तास समोर हवा. दुकानात ह्या वाळक्या गवताला 'हे' म्हणतात, टिमोथी हे, ऑर्चर्ड हे, ओट हे वगैरे, ह्यातलं कुठलंही चालतं.

आता सवय कशी मोडायची. गाजर एका दिवसात बंद करू नका, सशाच्या पोटाला कुठलाच झटका सोसत नाही. आठवडा-दीड आठवड्यात कमी करत न्या, दोन गाजरांवरून एक, मग अर्धं, शेवटी अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आणि तोही रोज नाही. दाण्यांचंही, म्हणजे दुकानातल्या पाकिटातल्या खाण्याचंही तसंच, त्याबद्दल पुढे लिहिलंय. सकाळी आधी फक्त गवत ठेवा, बाकीचं संध्याकाळी. गवतावर झोपतो म्हणालात ना, मग झोपायचं वेगळं आणि खायचं वेगळं ठेवा. सगळ्यात चालणारी युक्ती म्हणजे गवताची जाळी शी-शूच्या ट्रेला लागूनच लावायची. आपल्याला कसंतरी वाटतं पण सशांना बसल्या बसल्या चरायची सवयच असते, एकीकडून घालायचं नि दुसरीकडून काढायचं. गवतात थोडा पुदिना नाहीतर कोथिंबीर चुरून लपवा, कागदी पिशवीत कोंबून द्या, रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीत भरून द्या. आणि आधी त्या गवताचा वास घेऊन बघा. चांगलं गवत हिरवट असतं, गोडसर वास येतो. कुबट, धुळकट, पिवळं पडलेलं असेल तर ससा बरोबर आहे आणि आपण चूक. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलेल्या गवताला बुरशी लागते, हवेशीर कोरड्या जागी ठेवा.

हे सगळं करूनही तो गवत खाईना तर दाढा तपासून घ्या. कधीकधी नखरा नसतो, दुखत असतं.

प्रश्न : तुम्हीच एकदा लिहिलं होतं की कांदा-लसूण सशाला विषारी. मग सगळे लसूणघास द्या का सांगतात?

हा प्रश्न मला फार आवडला! लसूणघासाचा लसणीशी नावापुरताच संबंध. ती शेंगावर्गातली वनस्पती आहे, आपल्या वाटाण्याच्या घराण्यातली. इंग्रजीतला अल्फाल्फा किंवा ल्युसर्न तोच. त्यात विष काही नाही, पण प्रोटीन आणि कॅल्शियम भरपूर आहे, त्यामुळे वाढत्या पिल्लांना, पोटुशी किंवा दूध पाजणाऱ्या मादीला तो चांगला. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की हळूहळू साध्या गवतावर आणायचं. मोठ्या सशाला रोज लसूणघास घातला तर वजन वाढतं आणि लघवीत कॅल्शियमचा गाळ साचतो. ओला असेल तर आणखी जपून, पोट फुगतं.

प्रश्न : ताई, लिहायला लाज वाटते पण आमची सशीण स्वतःचीच शी खाते! पहाटे बघितलं मी डोळ्यांनी. खाणं कमी पडतंय का तिला? घरात सगळे ई ई करतात.

अगं लाजू नकोस, उलट तुझी सशीण एकदम ठणठणीत आहे. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. एक त्या नेहमीच्या, गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या, ट्रेमध्ये दिसतात त्या. दुसऱ्या मऊ, काळपट, चकचकीत, एकमेकींना चिकटून द्राक्षांच्या इवल्या घोसासारख्या, आणि वास विचारू नकोस. ह्या दुसऱ्या म्हणजे खरं तर शी नाहीच. सशाच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते, अंधांत्र म्हणतात तिला, जठराच्या कितीतरी पट मोठी. आतडं गवताची चाळण करतं, जाडाभरडा चोथा पुढे ढकलून त्याच्या कोरड्या लेंड्या करतं आणि बारीक भाग मागे त्या पिशवीत पाठवतं. तिथे जिवाणू तो आंबवतात, त्यातून प्रोटीन आणि बी, के जीवनसत्त्वं तयार होतात. पण ती पिशवी लहान आतड्याच्या पुढे असते, म्हणजे माल तयार होतो तोपर्यंत तो शोषायची जागा मागे पडलेली! मग काय, माल पुन्हा वरून घालायचा. म्हणून ससे मऊ लेंड्या थेट तिथूनच तोंडात घेतात. गाय रवंथ करते तसं समज, फक्त रस्ता जरा लांबचा.

काळजी कधी करायची? त्या मऊ लेंड्या जमिनीवर पडलेल्या, शेपटीखाली चिकटलेल्या दिसायला लागल्या तर. म्हणजे एकतर दाणे-फळं जास्त होतायत आणि गवत कमी, किंवा ससा इतका लठ्ठ झालाय की त्याला वाकून तिथपर्यंत तोंडच नेता येत नाही, किंवा पाठ नाहीतर दात दुखतायत. तो भाग ओला-घाण राहिला तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात, ते फार भयंकर असतं, एकदा बघितलंय, परत बघायचं नाही.

प्रश्न : पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) चांगल्या की रंगीबेरंगी मिक्स? पाकिटावर तर दोन्हीकडे 'संपूर्ण आहार' लिहिलंय. आणि वाटी रिकामी झाली की भरायची ना?

पाकिटावर काय, काहीही लिहितात. मिक्समध्ये मक्याचे दाणे, सुके वाटाणे, रंगीत कुरमुऱ्यासारखं काहीबाही असतं आणि ससा त्यातलं गोड-पिठूळ तेवढं वेचून खातो, कामाचं असतं ते वाटीत राहतं. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 32 सशांचे चार गट करून 17 महिने हे तपासलं होतं, एका गटाला फक्त गवत, एकाला गवत आणि पेलेट्स, एकाला गवत आणि मिक्स, एकाला नुसतंच मिक्स. मिक्सवाल्यांचं गवत खाणं कमी झालं, वजन वाढलं, आणि नुसत्या मिक्सवर असलेल्यांच्या दातांचे प्रॉब्लेम झाले. त्यामुळे माझ्याकडे मिक्सचं पाकीट उंबऱ्याच्या आत येत नाही. कुणी भेट दिलं तरी.

पेलेट्स एकसारख्या, तपकिरी-हिरव्या, कंटाळवाण्या दिसणाऱ्या घ्या, ज्यात चोथ्याचं प्रमाण जास्त असेल अशा. मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे 2 किलोच्या सशाला 50 ग्रॅम, आणि ही वरची मर्यादा समजा. एकदा काट्यावर मोजून बघा, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार कमी दिसतात. मी पहिल्यांदा मोजल्या तेव्हा कळलं की मी दुप्पट देत होते. आणि वाटी रिकामी झाली की भरायची नाही! रिकामी होणारच ती. भरलेली राहायला हवी ती गवताची जाळी.

मिक्सवरून पेलेट्सवर यायचं तेही दहाएक दिवसांत, थोडं थोडं मिसळून.

प्रश्न : हिरव्या भाज्या कुठल्या द्यायच्या? एक म्हणतं पालक द्या, एक म्हणतं अजिबात नको. आणि आमच्या सशाची लघवी परवा लालसर झाली होती, आम्ही घाबरून गेलो.

दोघंही थोडे बरोबर आहेत. पालक विषारी नाही पण त्यात ऑक्सॅलेट नावाचा क्षार जास्त, म्हणून रोज नाही, आठवड्यातून एखाद-दोनदा, बाकीच्यांबरोबर चार पानं. कोथिंबीर, पुदिना, शेपू, गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पानं, गडद हिरवं लेट्यूस, सेलरी (धागे लांब असतात, बारीक चिरून द्या) हे आलटून-पालटून. रोज पाच-सहा प्रकार मिळून सशाच्या डोक्याएवढा ढीग होईल इतपत, एका वेळी सगळं नको, दोनदा विभागून. कोबी थोडाच, काही सशांना गॅस होतो. आइसबर्ग लेट्यूस नुसतं पाणी आहे, नाही दिलं तरी चालतं. नवीन भाजी एका वेळी एकच आणायची आणि दुसऱ्या दिवशी ट्रे बघायचा. लेंड्या मऊ झाल्या तर ती भाजी बाद. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना पाला अगदीच जपून, आधी गवतावर पोट बसू द्या.

अजिबात द्यायचं नाही ते म्हणजे कांदा, लसूण, बटाटा आणि त्याचा पाला, टोमॅटोचा पाला, अ‍ॅव्होकॅडो, ऱ्हुबार्ब, चॉकलेट. सफरचंद दिलंत तर बिया काढून. कुंडीतल्या लिलीसारख्या शोभेच्या झाडांपासून लांब ठेवा. आणि लॉन कापायच्या मशीनमधून निघालेलं गवत तर मुळीच नको, ते ढिगात गरम होऊन आंबतं. तेच गवत हाताने उपटून, फवारणी न झालेल्या जागेचं आणलं तर उत्तम.

लाल लघवीचं म्हणाल तर बहुतेक वेळा तो पानांतल्या रंगांचा प्रताप असतो, लघवी पिवळ्यापासून विटकरी लालपर्यंत काहीही होऊ शकते आणि एक-दोन दिवसांत परत नेहमीसारखी होते. पांढुरकी, दुधाळ दिसली तरी लगेच घाबरू नका. सशाचं शरीर कॅल्शियमच्या बाबतीत आपल्यासारखं नाही, खाण्यातून येईल तेवढं बहुतेक शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं, म्हणून ती गढूळ असते. पण टूथपेस्टसारखी घट्ट आली, ससा कुंथत असेल, थेंबथेंब करत असेल किंवा रक्ताचे वेगळे ठिपके दिसले तर थांबू नका, व्हेटकडे.

प्रश्न : पाणी बाटलीने द्यायचं का वाटीने?

वाटीने. जड, न लवंडणारी. ससे वाटीतून जास्त पितात आणि त्यांना पाणी लागतंही भरपूर. बाटलीच ठेवायची असेल तर तिची गोळी अडकत नाही ना ते रोज बोट लावून बघा.

प्रश्न : आमच्या आजी सशाला लपून बिस्किटं देतात. 'एवढ्याशा तुकड्याने काय होतंय' म्हणतात. त्यांना कसं समजवायचं? केस पोटात जाऊ नयेत म्हणून अननसाचा रस द्यायचा असंही त्यांनी कुठेतरी ऐकलंय.

आजींना ही गोष्ट वाचून दाखवा. माझ्याकडे एक बोका-ससा होता, बोका म्हणजे आकाराने, नाव ढब्बू. घरात पाहुणे आले होते आणि लहानथोर सगळ्यांनी मिळून दिवसभर त्याला बिस्किटं नि ब्रेड चारला. मला माहीत होतं, पण पाहुण्यांना कसं बोलायचं म्हणून गप्प बसले, ही माझी चूक. संध्याकाळी ढब्बू कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसला, डोळे अर्धे मिटलेले. कोथिंबिरीची जुडी सोडली की धावत येणारा प्राणी, तो जागचा हलला नाही. मला वाटलं गर्दीला वैतागलाय. रात्री कान लावून ऐकलं तर दात करकर वाजवत होता. सकाळी ट्रे कोरडा ठणठणीत, एक लेंडी नाही. एका दवाखान्यात फोन केला तर म्हणाले उद्या आणा. दुसरीकडे नेला, तिथल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले काल रात्रीच यायला हवं होतं. सलाइन, दुखणं थांबवायचं औषध, मग सिरिंजने पातळ खाणं, तीन दिवस. वाचला. तिसऱ्या दिवशी तीन लेंड्या टाकल्या, वेड्यावाकड्या, मण्यांएवढ्या, आणि मी त्या तीन लेंड्यांचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

बिस्किट-ब्रेडमधला स्टार्च आणि साखर त्या आतड्याच्या पिशवीत जाते, तिथे नको ते जिवाणू माजतात आणि आतडं थांबतं. म्हणून सशाने 10-12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही तर ती इमर्जन्सी, 'सकाळी बघू' नाही. आणि घरातलं माणसांचं औषध देऊ नका, अमॉक्सिसिलिनसारखी तोंडाने द्यायची अँटिबायोटिक्स सशाचा जीव घेऊ शकतात. आतड्यात ब्लॉकेज नाही हे व्हेटने सांगितल्याशिवाय सिरिंजने खाणंही कोंबू नका.

अननसाच्या रसाने केस विरघळत नाहीत हो, नुसती साखर जाते. केस सगळ्याच सशांच्या पोटात जातात आणि आतडं चालू असेल तर लेंड्यांतून बाहेर पडतात. केस गळतीच्या दिवसांत लेंड्या माळेसारख्या केसाने ओवलेल्या दिसल्या तर रोज फणी करा, गवत आणि पाणी वाढवा.

आजींना काहीतरी भरवायचंच असेल, आणि त्यांना ते हवंच असतं, तर पुदिन्याची काडी त्यांच्या हातात द्या. ससा आजींच्याच मागे फिरेल, त्यांचाही मान राहील.

प्रश्न : आठवडाभर बाहेर जातोय, सशाला शेजारच्या काकूंकडे ठेवणार. त्यांनी कधी ससा पाळलेला नाही. काय सांगून जाऊ?

कमी सांगा. जास्त सांगितलं तर काकू घाबरतील आणि काहीच लक्षात राहणार नाही. गवत तुम्हीच मोठ्या पिशवीत आठवडा पुरून उरेल इतकं नेऊन द्या. पेलेट्स रोजच्या मोजून सात पुड्या बांधा आणि पाकीट घरीच ठेवा, नाहीतर काकू मायेने वाढतील. भाज्या नेहमीच्याच दोन-तीन, ह्या आठवड्यात नवीन प्रयोग नको. 'काही गोड देऊ नका' हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. खाली ससे बघणाऱ्या व्हेटचा नंबर.

आणि काकूंना एकच काम समजावून सांगा. सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी, ट्रे बघायचा. रात्रभरच्या भरपूर, गोल, एकसारख्या लेंड्या असतील, एखादी बोटाने दाबली की आत भुसा दिसेल, तर ससा मजेत आहे. कमी, बारीक किंवा नसतीलच तर आधी व्हेटला फोन, मग तुम्हाला. जायच्या आदल्या दिवशी तुमच्या ट्रेचा फोटो काढून त्यांना पाठवा, म्हणजे भरपूर म्हणजे किती ते त्यांना कळेल, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याला दिवसाला दोन-तीनशे लेंड्या हा काहीतरी रोगच वाटतो.